कललेले सात दिवस

११ फेब्रुवारी

मिस्तरी,

कागदावर तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, यात दोन दिवस गेले. शेवटी लग्नानंतर पहिल्या वर्षी चिडवायला म्हणायचे तेच लिहिलं. फोन केला नाही, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपली जुंपते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मुद्दा एवढाच आहे की गाडीतला फ्रिज गार होत नाही.

गेल्या वर्षीपर्यंत रडतखडत चालत होता. लोणी मऊ राहायचं, पण दूध टिकायचं. आता दूध दुपारपर्यंत नासतं. तो फ्रिज तुम्ही बसवलात, गॅसच्या फ्रिजांवर तुमचा जन्म गेला. तुम्हाला सोडून कुणाला विचारू?

मी अजून त्याच तळावर आहे. हंगामात लोक आपापल्या राहत्या गाड्या घेऊन इथे मुक्कामाला येतात आणि मी हातमशीनवर त्यांच्या गाद्यांच्या खोळी, पडदे, दारापुढचे कापडी मांडव शिवून देते. कामाला तोटा नाही. पण ३१ मार्चला तळ बंद होतो, कँटीनला कुलूप लागतं, वीज तोडतात. व्यवस्थापक म्हणाला, "तुम्ही उन्हाळाभर राहा की, तेवढीच राखण होईल." मला राहायचं आहे. त्यासाठी फ्रिज चालायला हवा. नाही चालला तर मुलीकडे जावं लागेल. तिची मागची खोली तुम्ही पाहिली आहे. खोली चांगली आहे, पण ती तिची आहे.

तेव्हा काय तपासायचं ते लिहा. मला जमेल असं लिहा.

— शिंपीण

१६ फेब्रुवारी

शिंपीणबाई,

पत्र पोचलं. आधी शेगडी पेटव. ती नीट पेटली तर सिलेंडर आणि नळी ठीक आहे. मग गाडीच्या बाहेरच्या अंगाची जाळी काढ. तिथे खाली बोटाएवढा बर्नर आहे. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत, कचरा आहे, नाहीतर कोळ्याचं जाळं. गॅसच्या वासाला कोळी येतात, हसू नको, चाळीस वर्षं तीच जाळी काढली मी. सिलेंडर बंद कर, जेट काढ, स्पिरिटमध्ये बुडव, वाळव, परत लाव. वरच्या धुराड्यात काजळी असेल तर ब्रशने झाड.

दुधालोण्यासाठी कुणी राहतं घर सोडत नाही. तू काहीतरी गाळलं आहेस. गाळ, तुझी मर्जी.

— मी

२१ फेब्रुवारी

मिस्तरी,

तुमचं पत्र बसमध्ये बसून लिहिलंत का? ओळी उतरत उतरत कोपऱ्यात गेल्या आहेत, अर्धी अक्षरं ओळखून वाचली. एवढी घाई असेल तर दोन दिवस उशिरा लिहा, पण स्वस्थपणे लिहा.

शेगडी छान पेटते. जाळी काढली. ज्योत निळीच होती, टोकाला किंचित पिवळी. जेट काढला, स्पिरिटमध्ये ठेवला. उजेडात धरून पाहिला तर भोक इतकं बारीक की माझ्या नजरेला दिसेचना. मग माझ्याकडची सगळ्यांत बारीक, मोती ओवायची सुई घेतली आणि दोनदा आत फिरवली. छान मोकळं झालं. परत लावला, पेटवला आणि ज्योत ही एवढी मोठी, पूर्ण पिवळी. तासाभरात जाळीच्या वरचा पत्रा काळा झाला. बंद करून बसले आहे.

गाळलेलं सांगते. मला साखर निघाली. सहा महिने झाले, रोज इन्सुलिन घेते. ते गार ठेवावं लागतं आणि इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. सध्या कँटीनवाल्या बाई त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवू देतात. रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहते, त्या म्हणतात, "आल्या बघा आमच्या इंजेक्शनबाई." चांगल्या आहेत. पण त्याही एकतीसला जाणार.

मुलीवर रागावू नका. तुम्हाला कळवायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं.

— शिंपीण

२६ फेब्रुवारी

शिंपीणबाई,

जेटमध्ये सुई घालतात का? ते भोक केसाच्या मापाने पाडलेलं असतं. तू ते मोठं केलंस, आता गॅस जास्त येतो आणि नीट जळत नाही. ही गोष्ट कुणालाही सांगावी लागत नाही.

पाकिटात कापसात गुंडाळून नवा जेट ठेवला आहे. तो बसेपर्यंत फ्रिज पेटवायचा नाही, अजिबात नाही. पिवळ्या ज्योतीतून विषारी वायू येतो, त्याला वास नसतो. धुराडं पूर्ण साफ झाल्याशिवाय तर नाहीच. आणि झोपताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवत जा. थंडी वाजली तर वाजू दे.

जेट बसल्यावर चोवीस तास चालू ठेव. मग फ्रिजच्या मागे हात घाल. बर्नरच्या वरचा भाग तापलेला असेल, त्याला लावू नको. बाजूला तळाशी वळणावळणाच्या नळ्या आहेत, त्या कोमट लागतात का गार, तेवढं कळव.

इन्सुलिन किती घेतेस? सकाळ-संध्याकाळ?

— मी

४ मार्च

मिस्तरी,

सुईचं तुम्ही सांगितलं नव्हतंत. जे सांगावं लागत नाही असं तुम्हाला वाटतं, ते मला कधीच माहीत नसतं. हे आपलं तीस वर्षांचं आहे, आता त्यावर शाई घालवत नाही.

जेट व्यवस्थापकाने बसवला. धुराडं मी स्वतः घासलं. निघालेल्या काजळीने माझे हात अजून नखांत काळे आहेत, आणि एका बाईची पांढरी खोळ तशीच पडून आहे. ज्योत आता निळी आहे, एखाद्या कळीसारखी सरळ. धुराड्याच्या तोंडाशी हात धरवत नाही इतकी धग. आत मात्र काही नाही. चोवीस तास म्हणालात, मी तीन दिवस चालू ठेवला. आतल्या कप्प्यात आणि बाहेर टेबलावर सारखंच. मागच्या नळ्या गार लागतात, दगडासारख्या.

माझ्या सुईने झालं का हे? खरं सांगा. ज्योत चुकीची जळली त्या एका तासात आतलं काही बिघडलं का? मशीनवर बसले तरी तेच डोक्यात येतं, की होतं तेही मी माझ्या हाताने घालवलं.

एकदा येऊन जाल का? सकाळची बस आहे, चार तासांची. फाट्यावर उतरवून घ्यायला मी येईन. तुम्ही फक्त बघा. दुसऱ्या दिवशी परत जा, मी थांबवणार नाही. मागचं काही काढणारही नाही.

इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ.

— शिंपीण

१४ मार्च

वहिनी,

तुम्ही मला वन्सं म्हणायच्या, अजून म्हणत असाल असं धरून लिहिते. दादाला न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. त्याने त्या दिवशीच पिशवी भरली होती. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं. मग जेवणाच्या टेबलावर एक जुना बर्नर घेऊन बसला, जेट काढून लावून बघत. जमेना. त्याचा उजवा हात कापतो, वहिनी. दीड वर्ष झालं. आधी कपातला चहा सांडायचा, आता शर्टाची बटणं मी लावते. जेट तीनदा हातातून सुटला, चौथ्यांदा कपाटाखाली गेला. तो मला म्हणाला, "राहू दे, उचलू नको." पिशवी तशीच दारामागे आहे.

तुम्हाला आलेली पत्रं त्याने एकेक दुपार घालवून लिहिली आहेत. मी म्हटलं, मी लिहून देते, तू सांग. म्हणाला, "मग तिला कळेल."

चार कागद फाडून झालेत. पाचवं लिहितो आहे. ते आलं की मी हे लिहिलं होतं असं दाखवू नका.

— वन्सं

१७ मार्च

शिंपीणबाई,

सुईने काही झालेलं नाही. हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. नळ्या गार आहेत असं तू लिहिण्याआधीच मला संशय होता, आणि संशय असूनही मी तुला सुईवरून बोललो. ते बोलणं सोयीचं होतं.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. या फ्रिजला मोटर नसते. मागच्या नळ्यांत अमोनिया आणि पाणी असतं. ज्योत तापवते, वाफ वर जाते, गार होते, आपल्या वजनाने उतारावरून खाली येते. सगळं उतारावर चालतं. गाडी कललेली असली की ते मध्येच अडतं, ज्योत मात्र तापवत राहते. मग आतला द्राव करपतो आणि त्याचे खडे नळीत बसतात. म्हणून मी प्रत्येक मुक्कामाला चाकांखाली फळ्या घालत बसायचो. तुला समजावून सांगायला तीन मिनिटं लागली असती. बारा वर्षांत मी ती काढली नाहीत. "तुला नाही कळायचं," एवढं म्हणायचो.

शेवटच्या सहलीत तळ्याकाठी पहिल्या संध्याकाळी शेजारच्या गाडीतलं जोडपं आपल्याकडे बसलं होतं. मी पाणसळ ठेवून गाडीचा कल पाहिला आणि फळ्या काढायला उठलो. तू त्यांना म्हणालीस, "माझं लग्न माणसाशी नाही, पाणसळीशी लागलंय." ते दोघं हसले. तूही हसलीस. तुझ्या मनात काही नसेल. मी खाली बसलो आणि म्हटलं, बरं, आता फळ्या नाहीतच. आपलं आपल्याला कळू दे हिला.

सात दिवस गाडी कलती ठेवली. खाली फ्रिजची ज्योत जळत होती हे मला पक्कं माहीत होतं. सातव्या दिवशी सकाळी मागे हात घातला तेव्हा नळ्या अर्ध्या गार होत्या. जे व्हायचं ते झालं होतं. मी जाळी लावली आणि तुला काही बोललो नाही. दोन महिन्यांनी वेगळं राहायचं ठरलं तेव्हा, गाडी तुझी, मला काही नको, असं सगळ्यांसमोर म्हणालो. मुलगी रडली होती, बाबा किती मोठ्या मनाचे म्हणून. मी तुला काय देतो आहे ते मलाच ठाऊक होतं.

तुला पुढे इन्सुलिन लागेल हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, हे मी स्वतःला रोज विचारतो. उत्तर चांगलं येईलच अशी खात्री नाही. त्या आठवड्यात मी फार चिडलो होतो.

एक शेवटचा उपाय असतो. सिलेंडर बंद करून नळी सोड, चारजण लावून फ्रिज बाहेर काढ आणि पूर्ण उलटा करून एक दिवस ठेव. मग दोन दिवस सरळ. मग जोड. जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर पेटवू नको. कधीकधी खडे सुटतात, दहात दोनदा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला किंवा नळीवर पिवळी पूड दिसली तर समजायचं संपलं. मग लगेच लांब हो, दारं-खिडक्या उघड.

मी आलो असतो. काही कारणाने जमत नाही.

— मी

३० मार्च

मिस्तरी,

फ्रिज बाहेर काढायला पाचजण लागले. व्यवस्थापक, कँटीनवाल्या बाई, त्यांचा नवरा, एक मांडववाला आणि मी. तो उलटा गवतावर ठेवला तेव्हा बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "याचेही असेच पाय वर करून ठेवले तर चालायला लागेल का हो?" नवरा म्हणाला, "आधी तुझी जीभ गार होते का बघू." मी खूप दिवसांनी हसले.

तिसऱ्या दिवशी जोडला. साबण लावला, बुडबुडे नव्हते. पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या वरच्या पत्र्यावर पांढरं काहीतरी दिसलं. बोट लावलं तर बर्फ होता. अंगठ्याच्या नखाएवढाच. मी बाईंना हाक मारून आणलं, व्यवस्थापकाला आणलं. इन्सुलिनची डबी कँटीनमधून आणून आत ठेवली आणि दार लावून समोर बसले, एखाद्याला पाळण्यात घातल्यासारखी.

दुपारी दार उघडलं तर बर्फ नव्हता. संध्याकाळी वास आला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्या वासाचंच. मागच्या नळीवर पिवळी पूड होती, तुम्ही म्हणालात तशीच. डबी घेऊन मी बाहेर पडले. उद्या मुलगी न्यायला येते आहे.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला की त्या वेळी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं देव जाणे. मग एक आठवलं आणि राग तिथेच अडला.

पाणसळीचं वाक्य मला आठवत नाही. म्हणाले असेन, मी असं बोलते. पण ते सात दिवस आठवतात. मी टेबलावर शिवायला बसले की दोऱ्याचं रीळ घरंगळत जाऊन खाली पडायचं. पहिल्या दिवशी दोनतीनदा उचललं, मग कात्री आडवी ठेवली. पाण्याचा पेला कडेपर्यंत भरला की एका बाजूने सांडायचा. गाडी कललेली आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तुम्ही फळ्या लावल्या नाहीत हेही. बारा वर्षांत पहिल्यांदा लावल्या नव्हत्या, ते मला कळणार नाही का? तुम्ही रागावला आहात एवढं समजत होतं. कशावरून ते समजत नव्हतं. मनात म्हटलं, असू दे, रुसायचं तर रुसा, आधी बोलाल तुम्हीच. सात दिवस कात्री आडवी ठेवून शिवत राहिले. 'फळ्या का नाही लावल्या हो?' एवढं एक वाक्य होतं. ते बोलले असते तर तुम्ही उठला असतात. चिडून, आदळआपट करत, पण उठला असतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून एकट्याने घेऊ नका.

आणि पुढच्या पत्रात अक्षर कसंही येऊ द्या. बसमध्ये लिहिलंत का, असं मी म्हटलं होतं, ते परत घेते.

— शिंपीण

७ एप्रिल

शिंपीणबाई,

तुला सांगणारी कोण ते ओळखलं. तिच्याशी भांडलो नाही. हे पत्र मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे, तेव्हा काही बोलायची सोय नाही.

रीळ पडायचं ते मला ऐकू यायचं. बाहेर खुर्चीत बसलो असलो तरी. दर वेळी वाटायचं, आता विचारेल.

माझ्याकडून मुलीच्या घरी बस अर्ध्या तासाची. पुढच्या रविवारी येऊ का? फ्रिज दुरुस्तीला नाही.

— मी

१२ एप्रिल

मिस्तरी,

गाडी तळावरच ठेवली. व्यवस्थापक तिच्यात खुर्च्या आणि मांडवाचे खांब ठेवणार आहे. मशीन आणलं, बाकी फारसं काही नव्हतंच. फ्रिज भंगारवाला घेऊन गेला. तुम्ही चौदा वर्षांपूर्वी त्याच्या बाजूच्या पत्र्यावर खडूने तारीख लिहिली होती, ती मी तो बाहेर काढला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मुलगी फार जपते. इन्सुलिनसाठी तिने फ्रिजच्या दारातला एक कप्पा रिकामा करून दिला, त्यावर चिठ्ठी लावली, 'आईचं'. फ्रिज नेमका कशाने गेला, असं तिने विचारलं. जुना झाला होता, म्हटलं. तुम्हीही तेच सांगा.

तुम्ही रविवारी येता आहात हे मी तिला सांगितलं, तर तिने लगेच काय काय करायचं याची यादी काढली. जावयाला सकाळीच बाजारात पाठवणार आहे. मी म्हटलं, एखादा पदार्थ मी करते. ती म्हणाली, "तू बस गं, बाबांशी बोलत बस."

तेव्हा या. बटणांचा शर्ट नको, अंगात सहज जाईल असा काहीतरी घालून या. फक्त एक मनातून जात नाही, म्हणून लिहिते. दोन वर्षं माझं स्वतःचं दार होतं. तुम्ही कधीही आला असतात तर मी ते उघडलं असतं, तुम्हाला बसायला दिलं असतं, माझ्या हाताने चहा केला असता. मी एकदाही या म्हटलं नाही. म्हटलं ते फ्रिजसाठी. आता रविवारी दार मुलगी उघडेल, चहा तीच करील, आणि आपण दोघं तिच्या सोफ्यावर पाहुण्यांसारखे शेजारी बसू.

— शिंपीण